विद्येचें ऋण आणि दात्याचा हक्क

सावकाराचें कर्ज फेडणें कितीहि कठीण असलें तरी तें समजण्यास सोपें असतें. रक्कम कागदावर असते, मुदत ठरलेली असते, आणि पैसे चुकते झाले म्हणजे खत फाडून टाकतां येतें. विद्येच्या ऋणाचें तसें नाहीं. तें किती आहे हें ऋणकोस कळत नाहीं, तें नेमकें कोणाचें आहे हें सांगतां येत नाहीं, आणि तें थकलें म्हणून कोणी दाराशीं येऊन बसतहि नाहीं. म्हणूनच हें ऋण बुडविणारे लोक जगांत फार, आणि त्यांतील बहुतेकांस आपण कांहीं बुडविलें आहे याची दादहि नसते.

अमेरिकेंत मात्र या ऋणाचा तगादा लावण्याची रीत आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मनुष्यास त्याचें जुनें विद्यालय वर्षानुवर्षें पत्रें धाडतें, त्याच्या तारुण्याची त्यास आठवण करून देतें, आणि शेवटीं यथाशक्ति देणगी मागतें. खाजगी विद्यालयांच्या बाबतींत हें समजण्यासारखें आहे; त्यांचा संसारच देणग्यांवर चालतो. परंतु जें विद्यालय सरकारच्या मालकीचें आहे, ज्याचा खर्च करांतून भागविला जातो, त्यानेंहि असा हात पसरावा काय? पसरला, तर माजी विद्यार्थ्यानें त्यावर कांहीं ठेवावें काय? आणि ठेवलें, तर तेवढ्यानें त्या विद्यालयावर त्याचा कांहीं हक्क उत्पन्न होतो काय? हे प्रश्न केवळ हिशेबाचे नाहींत, नीतीचे आहेत, असें आम्हांस वाटतें. आणि त्यांचा विचार एका लहानशा विद्यालयाच्या इतिहासाच्या आधारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्लॉरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅरासोटा नांवाचें शहर आहे. सर्कशीच्या धंद्यांत अपार संपत्ति मिळविलेल्या रिंगलिंग बंधूंपैकीं दोघांनीं तेथील उपसागराच्या कांठीं आपले वाडे बांधले. त्यांतील चार्ल्स रिंगलिंग याचा वाडा पुढें न्यू कॉलेज या विद्यालयाच्या वांट्यास आला. गांवांतील पुढाऱ्यांनीं १९६० सालीं तें खाजगी संस्था म्हणून स्थापिलें, आणि १९६४ सालीं सुमारें शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी तेथें दाखल झाली. कोणत्याहि एका धंद्याचें शिक्षण न देतां साहित्य, तत्त्वज्ञान, गणित आणि शास्त्रें यांच्या योगानें मनुष्याची बुद्धि मोकळी करावी, असा ज्यांचा हेतु असतो त्या विद्यालयांस अमेरिकेंत लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. न्यू कॉलेज त्यांपैकींच एक. पहिल्याच वर्षीं आर्नोल्ड टॉयन्बी यांच्यासारखा जगद्विख्यात इतिहासकार तेथें येऊन शिकवून गेला. वसतिगृहांची रचना आय. एम. पेई यांनीं केली, ज्यांचें नांव पुढें वास्तुशिल्पज्ञांच्या पहिल्या पंक्तींत गणलें गेलें. आणि त्या पहिल्या तुकडींतच विल्यम थर्स्टन नांवाचा एक विद्यार्थी होता, ज्यास १९८२ सालीं गणितांतील अत्यंत मानाचें फील्ड्स पदक मिळालें.

शिकविण्याची पद्धतिहि जगावेगळी होती. परीक्षेंत गुण देण्याऐवजीं अध्यापकानें प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामावर लेखी अभिप्राय द्यावयाचा. सत्राच्या आरंभीं विद्यार्थी आणि अध्यापक यांनीं मिळून अभ्यासाचा करार लिहावयाचा. आणि पदवीपूर्वीं प्रत्येकानें एक प्रबंध रचून त्यावर तोंडी परीक्षा द्यावयाची. विद्यार्थ्यांची संख्या २०२३ पर्यंत कधीं हजारावर गेली नव्हती. ज्या ठिकाणीं प्रत्येकजण प्रत्येकास तोंडओळखीनें तरी जाणतो आणि ताडांच्या रांगांनीं भरलेल्या एकाच चौकांतून सर्वांची ये-जा होते, त्या ठिकाणचें शिक्षण वर्गाच्या भिंतींत मावत नाहीं हें उघड आहे.

परंतु असें शिक्षण महाग असतें. दहा-अकरा वर्षांतच विद्यालय आर्थिक संकटांत सांपडलें, आणि १९७५ सालीं साउथ फ्लॉरिडा विद्यापीठ या सरकारी संस्थेनें त्यास आपल्या पदराखालीं घेतलें. या व्यवस्थेची गोम अशी होती कीं, नेहमींचा खर्च सरकारनें चालवावयाचा, आणि लहान वर्ग, स्वतंत्र अभ्यास, प्रत्येक विद्यार्थ्याकडे वेगळें लक्ष, या विशेष गोष्टींस लागणारा वरचा पैसा हितचिंतकांनीं निधीच्या द्वारें उभा करावयाचा. भाकरी सरकारची आणि कालवण देणगीदारांचें, असा हा संसार सव्वीस वर्षें चालला. २००१ सालीं विधिमंडळानें त्यास त्या विद्यापीठापासून वेगळें करून न्यू कॉलेज ऑफ फ्लॉरिडा या नांवानें स्वतंत्र सरकारी विद्यालयाचा दर्जा दिला. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या देणगीची गरज कांहीं संपली नाहीं.

आतां पहिला प्रश्न घेऊं. अशा विद्यालयास माजी विद्यार्थ्यानें देणगी कां द्यावी? यावर एक व्यवहारी मनुष्य म्हणेल, "मीं फी भरली आहे. माझा बाप आयुष्यभर कर भरीत आला, आणि आतां मीहि भरतों. एकाच मालाचे पैसे दोनदां दिले. तिसऱ्यांदा कशाकरितां द्यावयाचे?" हा युक्तिवाद दिसतो तितका क्षुद्र नाहीं. सरकारी शिक्षण ही भिक्षा नसून नागरिकाचा अधिकार आहे, हें तत्त्व त्याच्या मुळाशीं आहे. शिवाय आणखीहि एक धोका तो दाखवून देतो. देणगीनें तूट भरून निघते असें दिसलें कीं सरकार आपला हात आंखडतें घेण्यास मोकळें होतें. म्हणजे एकाच्या औदार्यानें दुसऱ्याची कर्तव्यच्युति झांकली जाते.

तरीहि हा युक्तिवाद आम्हांस अपुरा वाटतो, आणि तो कां अपुरा वाटतो हें त्याच विद्यालयांत घडलेल्या एका गोष्टीवरून सांगतां येईल. गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा प्रचार करणाऱ्या एका कुप्रसिद्ध घराण्यांत वाढलेली डेरेक ब्लॅक ही व्यक्ति २०१० सालीं न्यू कॉलेजमध्यें शिकावयास आली. इतकेंच नव्हे तर तोंवर ती स्वतःहि त्या मताचा प्रचार करीत होती. पुढें ही गोष्ट फुटली तेव्हां विद्यार्थ्यांत मोठें वादळ उठलें. कित्येकांनीं बहिष्कार घातला, आणि त्यांचा संताप अकारण होता असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. परंतु एका ज्यू विद्यार्थ्यानें निराळाच मार्ग धरिला. तो दर शुक्रवारीं संध्याकाळीं आपल्या धर्माप्रमाणें शब्बाथचें भोजन करी आणि मित्रांस बोलावी. त्यानें या व्यक्तीसहि जेवावयास बोलाविलें. हीं भोजनें पुढें कितीतरी आठवडे चालू राहिलीं. इतर मित्रमैत्रिणींनीं वाद घातले, पुरावे पुढें ठेवले, प्रश्न विचारले. अखेरीस २०१३ सालीं त्या व्यक्तीनें आपल्या घराण्याच्या मतांचा जाहीर त्याग केला आणि त्या मतांनीं लोकांस जी इजा झाली तिची जबाबदारी आपणांवर असल्याचें मान्य केलें. हा सर्व वृत्तांत पुढें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला आहे.

त्या शुक्रवारच्या भोजनाची फी किती होती? कोणत्या कराच्या उत्पन्नांतून तिचा खर्च भागला? ज्या वस्तूनें एका मनुष्याचें आयुष्य पालटलें ती वस्तु अंदाजपत्रकाच्या कोणत्याहि सदरांत नव्हती. विरुद्ध मताच्या मनुष्याबरोबर एकाच छपराखालीं राहावें, त्याच्याशीं भांडावें, आणि तरीहि त्यास ताट वाढावें, हें शक्य करणारें वातावरण फीच्या पैशानें निर्माण होत नाहीं. तें आधींच्या पन्नास वर्षांतील विद्यार्थ्यांनीं आणि अध्यापकांनीं, आपण कांहीं विशेष करीत आहों याची जाणीवहि न ठेवतां, थराथरानें रचलेलें असतें. नवा विद्यार्थी येतो तेव्हां तें त्यास आयतें मिळतें. फीनें त्यानें अध्यापकाच्या वेळेची किंमत दिली. करानें त्याच्या बापानें इमारतींची डागडुजी केली. परंतु जें आयतें मिळालें त्याची किंमत कोणीं दिली? ती कोणींच दिलेली नाहीं, आणि म्हणूनच तें ऋण आहे.

आमच्या शास्त्रकारांनीं मनुष्याच्या माथ्यावर तीन ऋणें सांगितलीं. त्यांत ऋषींचें ऋण द्रव्य देऊन फिटतें असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. तें अध्ययनानें, म्हणजे विद्येची परंपरा आपल्यापाशीं तुटूं न देण्यानें फिटतें. ज्यानें दिलें त्यास परत करावयाचें नाहीं, तर ज्यास अजून मिळालेलें नाहीं त्याच्यापर्यंत पोहोंचवावयाचें, हें या ऋणाचें वैशिष्ट्य आहे. माजी विद्यार्थ्याची देणगी ही या अर्थानें ना दान, ना मोबदला. ती मागून आलेलें पुढें सरकविणें होय.

या संबंधांत रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्साची कथा आम्हांस वारंवार आठवते. वरतंतूचा शिष्य कौत्स विद्या संपवून निघाला आणि गुरूस दक्षिणेविषयीं विचारूं लागला. गुरु म्हणाले, तुझी सेवा हीच दक्षिणा. शिष्यानें हट्ट सोडला नाहीं, तेव्हां गुरूंनीं रागावून चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि मागितले. कौत्स गेला तो राजाकडे. आणि रघूनें तर नुकतेंच विश्वजित् यज्ञांत सर्वस्व वांटून टाकिलेलें, अतिथीस अर्घ्य देण्यास त्याच्या घरीं मातीचें पात्र तेवढें उरलेलें. तरीहि राजानें त्यास विन्मुख पाठविलें नाहीं. कुबेरानें कोशागारांत सुवर्णाची वृष्टि केली तेव्हां तें सर्वच्या सर्व रघु देऊं लागला, आणि कौत्स गुरूच्या देण्याहून एक नाणेंहि अधिक घेईना. राजा, स्नातक आणि गुरु, म्हणजे आजच्या भाषेंत सरकार, माजी विद्यार्थी आणि विद्यालय, या तिघांचा संबंध या कथेंत जसा दिसतो तसा दुसरीकडे क्वचित् दिसेल. राजाचा कोश रिता होता, पण म्हणून त्यानें आपलें कर्तव्य टाळलें नाहीं. राजा देत होता, पण म्हणून स्नातकानें आपलें ऋण फिटलें असें मानलें नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, दक्षिणा पोंचती झाल्यावर वरतंतूच्या आश्रमांत यापुढें काय शिकवावें, हें ठरविण्यास कौत्सहि बसला नाहीं आणि रघुहि बसला नाहीं.

येथून दुसरा प्रश्न सुरू होतो. देणारास हक्क मिळतो काय? याचें एक सरळ रूप असें, कीं बापानें विद्यालयास देणगी दिली म्हणून मुलास तेथें प्रवेश सुलभ व्हावा. अमेरिकेंतील पुष्कळ नामांकित विद्यालयांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांस असें झुकतें माप मिळत आलें. मेरिलंड राज्यानें २०२४ सालीं कायदा करून आपल्या हद्दींतील सरकारी व खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या विद्यालयांस माजी विद्यार्थ्याशीं किंवा देणगीदाराशीं असलेलें नातें प्रवेशाच्या वेळीं विचारांत घेण्यास बंदी केली. तें योग्यच झालें, असें आमचें मत आहे. कारण जी देणगी मुलासाठीं जागा राखून ठेवते ती देणगी नसून आगाऊ भरलेली फी आहे. परंतु हक्काचें एक सूक्ष्म रूपहि आहे. आपणांस जागा नको, मान नको. आपण ज्या विद्यालयावर प्रेम केलें तें तसेंच राहावें, एवढीच देणाराची इच्छा. ही इच्छा निःस्वार्थ दिसते. ती न्याय्य आहे काय?

या प्रश्नाची कसोटी न्यू कॉलेजमध्येंच लागली. जानेवारी २०२३ मध्यें फ्लॉरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनीं विद्यालयावर सहा नवे विश्वस्त नेमले, आणि विद्यालयाचें वळणच बदलण्याचा आपला हेतु लपवून ठेवला नाहीं. महिना संपण्यापूर्वीं अध्यक्षा पॅट्रिशिया ओकर यांस दूर करण्यांत आलें आणि रिचर्ड कॉर्कोरन या राजकारणी गृहस्थांकडे सूत्रें गेलीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें विश्वस्तांनीं स्त्रीपुरुषभेदाच्या अभ्यासाची शाखा बंद करण्याच्या दिशेनें ठराव केला. अनेक अध्यापक सोडून गेले, कांहीं विद्यार्थीहि गेले. उलटपक्षीं विधिमंडळानें पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक पैसा दिला, खेळांचे नवे संघ उभे राहिले, आणि खेळाडू विद्यार्थ्यांची मोठी भर पडून प्रवेशाचा आंकडा वाढला. मे २०२३ मध्यें जुन्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांनीं अधिकृत समारंभाच्या आदल्या संध्याकाळीं आपला वेगळा पदवीसमारंभ भरविला. त्याचा खर्च देणग्यांतून निघाला.

सरकारची बाजू आधीं नीट पाहिली पाहिजे. सरकारी विद्यालय हें लोकांचें आहे, लोकांनीं निवडलेल्या प्रतिनिधींस त्याची दिशा ठरविण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार नाकारून विद्यालय कांहीं मूठभर पदवीधरांच्या आठवणींच्या हवालीं करणें हें लोकशाहीस धरून नाहीं, असें ती बाजू म्हणते. कायद्याच्या दृष्टीनें हें बिनतोड आहे. न्यू हँपशायरच्या विधिमंडळानें १८१६ सालीं डार्टमथ कॉलेज कायद्यानें आपल्या ताब्यांत घेऊं पाहिलें, तेव्हां त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी डॅनियल वेब्स्टर जुन्या विश्वस्तांचा वकील म्हणून सर्वोच्च न्यायालयापुढें उभा राहिला. आणि १८१९ सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, राजाची १७६९ ची सनद हा करार असून तो विधिमंडळास मोडतां येत नाहीं. खाजगी विद्यालयांस तेव्हांपासून या निर्णयाचें कवच आहे. न्यू कॉलेजनें तें कवच १९७५ सालीं उतरवून ठेविलें. भूक भागविण्यासाठीं ज्याच्या घरीं राहावयास गेलें, त्या घरच्या यजमानाचा अधिकार मान्य करणें प्राप्त होतें.

परंतु कायद्याचा अधिकार म्हणजे नीतीची मोकळीक नव्हे. १९७५ च्या व्यवस्थेंत हितचिंतकांनीं जो पैसा उभा केला तो विद्यालयाच्या एका विशिष्ट शिक्षणपद्धतीसाठीं होता, आणि सरकारनें तो त्याच अर्थानें चालूं दिला. एका विशिष्ट कामासाठीं दिलेला पैसा स्वीकारणें म्हणजे त्या कामाविषयीं एक वचन देणें होय. वचन कायमचें असूं शकत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे; काळ बदलतो आणि संस्थाहि बदलावयास हव्यात. तथापि तें सोडण्यापूर्वीं ज्यांना तें दिलें त्यांचें म्हणणें ऐकणें, ही किमान सभ्यता आहे. तेव्हां आमचें उत्तर असें: देणाराला सत्तेचा हक्क नाहीं; त्याचें ऐकून घेतलें जाण्याचा हक्क आहे, आणि जे अधिकारी हा दुसरा हक्क पहिल्याच्या नांवाखालीं उडवून लावतात ते कायदा पाळून अन्याय करतात.

मग माजी विद्यार्थ्यानें करावें काय? कांहीं म्हणतील, पूर्वीप्रमाणें देत राहावें. विद्यालय म्हणजे आईच, आणि आई बदलली म्हणून मुलानें तोंड फिरवूं नये. यांत माया आहे, परंतु विचार कमी आहे. ऋण नांवाच्या पाटीचें नसतें, कामाचें असतें. आपणांस जें मिळालें तें पुढच्यास मिळत आहे काय, ही एकच कसोटी येथें लागू आहे. ती न लावतां दिलेला पैसा संवयीनें गेला असें म्हणावें. दुसरे म्हणतील, देणें बंद करावें, म्हणजे अधिकाऱ्यांस समज मिळेल. यांत स्वाभिमान आहे. परंतु येथें एक अडचणीचा प्रश्न विचारणें भाग आहे. बंद केलेला तो पैसा गेला कोठें? तो जर खिशांतच राहिला, तर तत्त्वाबरोबर पैसाहि वांचला. आणि ज्या तत्त्वनिष्ठेंत कांहींच खर्च होत नाहीं तिच्याविषयीं मनुष्यानें स्वतःशींच थोडें साशंक असावें. धनको बदलला म्हणून कर्ज माफ होत नाहीं.

तिसरा मार्ग कठीण आहे, पण तोच आम्हांस खरा वाटतो. संस्थेस देणें मनास पटत नसेल तर तें ऋण अन्यत्र, पण पुरतें, फेडावें. त्या वर्षीं मॅसॅच्युसेट्समधील हँपशायर कॉलेजनें न्यू कॉलेजच्या विद्यार्थ्यांस पूर्वीच्याच खर्चांत आपल्याकडे घेण्याचें जाहीर केलें होतें. असा कोणी वाट काढून देणारा असेल तर त्याच्या हातास हात लावावा. नाहीं तर एखाद्या होतकरू मुलाची फी भरावी, पुस्तकें द्यावीं, किंवा आपल्या घरींच आठवड्यांतून एकदां चार मुलांस जेवावयास बोलावून वाद घालूं द्यावा. आणि त्याच वेळीं आणखी एक गोष्ट विसरूं नये. नव्या व्यवस्थेंत जे खेळाडू विद्यार्थी त्या विद्यालयांत आले ते कोणाचे शत्रू म्हणून आले नाहींत. अठराव्या वर्षीं घर सोडून, कांहीं शिकावें म्हणून ते आले. विश्वस्तांवरचा राग त्यांच्या ताटावर काढणें हा अन्यायाला अन्यायानें दिलेला जबाब होईल. ज्या जुन्या विद्यार्थ्यांस आपल्या विद्यालयाचा खरोखर अभिमान आहे, त्यांनीं शुक्रवारचें तें भोजन आठवावें. ज्याचीं मतें सर्वांत असह्य होतीं त्याच्याच पुढें तेव्हां ताट वाढलें गेलें होतें.

न्यू कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं आपलें बोधचिन्ह म्हणून गणितांतील रिक्त संच, म्हणजे नुसते दोन कंस आणि मध्यें कांहीं नाहीं, असें गमतीनें मिरविलें होतें. २०२३ सालीं त्याच्या जागीं वडाचें झाड आलें. दोन्ही चिन्हांत अर्थ शोधावयाचा तर शोधतां येतो. रित्या कंसांत प्रत्येक नवागतानें आपलें कांहीं घालावयाचें असतें. आणि वडाची पारंबी जमिनीस टेकली कीं ती स्वतःच खोड होऊन फांदीस आधार देते. चिन्ह कोणतेंहि असो, विद्यालय टिकतें तें घेणारा पुढें देणारा होतो म्हणून. ज्या घरांत मुलें शिकून मोठीं होत आहेत त्या प्रत्येक घरानें हा हिशेब एकदां मांडून पाहावा, एवढेंच आमचें मागणें आहे.